देवडीला उंबरा नव्हता

आमच्या अपार्टमेंटसमोर एक जुना बंगला आहे. त्याच्या फाटकाला लागून विटांचं एक इवलंसं घर आहे. रोज सकाळी मी अंबाबाईच्या दर्शनाला निघते, तेव्हा त्या घराच्या धुराड्यातून बारीक धूर निघत असतो. घरात गॅस आहे, हे मला माहीत होतं. सिलिंडरवाला माझ्यादेखत तिथे टाकी उतरवतो. मग हा धूर कशाचा? आणि त्याला वास यायचा तो उदाचा. कित्येक वर्षं हा प्रश्न मनात घेऊन मी रस्ता ओलांडला. विचारायला काय लागतं? पण शालूबाईंची आणि माझी गाठ पडायची ती फाटकाशीच, जास्वंदीच्या फुलांपुरती. त्या ओंजळभर फुलं द्यायच्या, मी परतताना प्रसाद द्यायची. घरात जायचा प्रसंग कधी आला नव्हता.

घर मात्र मी बाहेरून पुष्कळ न्याहाळलेलं. विटांना गिलावा नाही. लाल विटा आणि मधे चुन्याची पांढरी रेघ, वहीच्या पानासारखी. रस्त्याकडची भिंत सरळ नाही. तीन तुकड्यांत मोडून पुढे आलेली आहे आणि प्रत्येक तुकड्याला एक खिडकी. आत बसलेल्या माणसाला रस्त्याची दोन्ही टोकं दिसावीत आणि फाटकही दिसावं, अशी युक्ती. खिडक्यांवर विटांच्याच बुटक्या कमानी. छपराखाली एक वीट आत, एक बाहेर अशी दातेरी ओळ फिरवलेली, लांबून परकराच्या झालरीसारखी दिसते. वर कौलं. कुणी म्हणतं संस्थानच्या काळातलं, कुणी म्हणतं त्याच्याही आधीचं; खरं कुणालाच ठाऊक नाही. जुनी माणसं त्याला देवडी म्हणतात, म्हणजे फाटकाच्या राखणदाराची खोली. आमच्या बिल्डिंगमधली मुलं वॉचमनची केबिन म्हणतात. शालूबाई घर म्हणतात.

शालूबाई ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की फाटकासमोर कुणी गाडी लावली तर आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यावा. "ओ पावणं! गाडी तुमची हाय, फाटक तुमचं न्हाय! उचला बगू!" मालक पुण्याला असतात, दिवाळीत येतात. बंगल्याची बाग शालूबाईंचे यजमान जोतीराम बघतात. त्यांच्या आधी त्यांचे वडील फाटकावर होते. एकुलता मुलगा यशराज शिरोलीच्या एमआयडीसीत कामाला आहे.

गेल्या चैत्रात एका सकाळी फुलं देताना शालूबाईंनी हात मागेच घेतला नाही. हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, जरा आत येताय? धर्माचं एक इचारायचं हाय."

शालूबाई हळू बोलल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं आहे.

दार इतकं ठेंगणं की मलाही वाकावं लागलं. आत गेले आणि पहिल्यांदा डोळे गेले ते समोरच्या भिंतीकडे. भिंतीत विटांची एक कमान होती, साहेबी घरात थंडीत लाकडं जाळायला असते तशी. आणि त्या कमानीत जोतिबाचा टाक, अंबाबाईची तसबीर, शंख, समई. समोर धुपाटणं जळत होतं आणि धूर सरळ वर, धुराड्यात चालला होता.

"अगं बाई!" मी म्हणाले. "म्हणजे हा धूर देवाचा!"

"मग? सायबाच्या शेगडीचं भोक हुतं. सासूबाईनं देव बसवलं. धूर घरात कोंडत न्हाई की डोळं चुरचुरत न्हाईत. पावसाळ्यात तेवढं वरनं ठिबकतं, मग देवावर परात धरायची."

मला हसू आलं आणि हातही आपसूक जोडले गेले. पण नमस्कार करताना एक गोष्ट खटकली. कमान जमिनीतून उगवल्यासारखी होती. देवाचं तोंड बघायला जवळजवळ आडवंच व्हावं लागत होतं. खिडक्याही बुटक्या. जमिनीवर मांडी घालून बसलं की रस्ता दिसत होता. शालूबाई म्हणाल्या, "खिडकी माझ्यासाठीच केल्यागत हाय. मेथी निवडत निवडत समदं दिसतंय." मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, साहेब लोक काय मांडी घालून बसत होते?

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. यशराजचं लग्न ठरलं होतं. मुलगी पेठ वडगावची, मोना नाव. मुलीला आई नाही. वाढवलं ते आत्यानं, बयाबाईंनी. त्या बयाबाई आदल्या दिवशी घर बघायला आल्या होत्या. शालूबाईंनी कंबरेवर हात ठेवून त्यांची नक्कल केली.

"आली ती दारातच हुबी ऱ्हायली. वर बघितलं न्हाई, खाली बघितलं. 'विहीणबाई, उंबरा कुठाय?' म्हटलं, न्हाय ओ. तर म्हणती, 'उंबरा न्हाय ते घर न्हाय. ही तर वाचमनची केबिन हाय की! आमची पोरगी माप कुठं वलांडायची? फरशीवर?' आणि जाताना यशाला म्हणाली, 'जावईबापू, शिरोलीला फ्लॅट घ्या भाड्यानं, तितंच नवरी उतरवू.'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? गप बसलो."

फाटकावरून अख्ख्या रस्त्याशी भांडणाऱ्या बाई घराच्या नावानं गप्प बसल्या. मला ते उमगेना. मी विचारलं, "रोज सकाळी उंबऱ्याचं हळदीकुंकू कुठं वाहता?"

"खिडकीला," त्या म्हणाल्या. खिडकीच्या तळाशी लाल-पिवळे ठिपके एकावर एक साचून सुकले होते.

त्यांचं मौन कुठून आलं ते पुढच्या बोलण्यात कळलं. शालूबाई राधानगरीकडच्या. तिकडे पाऊस असा की उंबरा गुडघाभर करतात. लग्न होऊन त्या इथे आल्या, तेव्हा सासूलाही हाच प्रश्न पडलेला, माप कुठं ठेवायचं? शेवटी फाटकाच्या दोन दारांच्या मधे ठेवलं. नवरी उजवा पाय उचलणार, एवढ्यात मागून बंगल्याच्या पाहुण्यांची मोटार आली. हॉर्न वाजला. सासऱ्यांनी धावत जाऊन माप उचललं, फाटक सताड उघडलं, मोटार आत गेली. मग सगळे मोटारीमागं धावले आणि माप परत ठेवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

"मी तशीच चालत आत आलो," शालूबाई म्हणाल्या. "पावण्यागत. आता सून तरी नीट येऊ दे वैनी. हितं, माझ्या देवाम्होरं. फ्लॅटात आली तर ती फ्लॅटाची सून, माझी न्हवं. शास्त्रात कायतरी असंल की! नुसती फळी ठेवली तर चालंल का?"

शास्त्र मला तरी कुठं एवढं ठाऊक! पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी म्हणाले, "चालेल. पण फळी कशाला, उंबराच करून घेऊ."

जोतीरामांनी त्यांचा मित्र गुंडू गवंडी याला बोलावलं. गुंडूनं दाराकडे एकवार पाहिलं, "हे काय अवघड हाय!" म्हणाला आणि दुपारपर्यंत सिमेंटचा उंबरा घातला. वर लाल रंगही मारला. शालूबाईंनी त्याच्यावर स्वस्तिक काढलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा आवाज पुन्हा तिसऱ्या मजल्यापर्यंत आला, पण पार्किंगसाठी नाही. जोतीराम बागेतून आले, सवयीनं जेवढं वाकायचं तेवढंच वाकले, पाय मात्र उंबऱ्यावर पडला, आणि वरच्या चौकटीवर कपाळ असं आदळलं की ते मटकन खालीच बसले.

मी बर्फ घेऊन धावले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"नवऱ्याला मारायचा बेत हुता काय गं तुझा?" जोतीराम कण्हत म्हणाले.

"नवरा कवाच मेल्यागत हाय, त्याला आणि काय मारायचं!" शालूबाई म्हणाल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. यशराज बापाहून वीतभर उंच. त्याच्या डोक्याला बाशिंग असणार. ह्या दारातून नवरा-नवरी जोडीनं यायची कशी?

त्या रात्री पाठ टेकली, पण मनातून ते दार जाईना. एवढं देखणं घर बांधणाऱ्यानं, विटेची झालर काढणाऱ्यानं, दार असं बुटकं का ठेवावं? आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तेव्हाची माणसं बुटकी असतील." फाटक मात्र हत्ती जाईल एवढं! राखणदार बुटका ठेवला आणि हत्ती उंच?

सकाळी जास्वंद आणायला मी मुद्दाम लवकर गेले. शालूबाई झाडलोट करत होत्या. मी म्हटलं, "आज मीच तोडते," आणि घराच्या मागच्या अंगाला गेले. तिकडे मी कधी गेलेच नव्हते. बाग तिकडे उताराला आहे, जमीन खोल. जास्वंदीच्या फांद्या बाजूला केल्या आणि हातात फूल तसंच राहिलं. विटांची भिंत खाली येत येत एका तिरक्या विटांच्या ओळीवर टेकली होती, आणि त्या ओळीच्या खाली काळा घडीव दगड. चांगला मांडीएवढ्या उंचीचा. घराला जोतं होतं!

रस्त्याच्या बाजूनं हे जोतं दिसतच नाही. तिथे विटा थेट जमिनीतून वर येतात. म्हणजे जोतं तिकडे बुडालंय. रस्ता दर काही वर्षांनी वर चढतो, हे आम्ही बिल्डिंगवाले भोगतोच. आमच्या पार्किंगमध्ये पाणी येतं. तसाच बंगल्याचा आतला रस्ताही मुरूम टाकून टाकून वर आला असणार. मी पुढे धावले आणि दाराची फळी नीट पाहिली. वरच्या भागात कोरलेली चौकट पूर्ण, खालच्या भागात अर्धीच. फळी खालून कापलेली होती.

"शालूबाई," मी म्हटलं, "जोत्याचं घर बिनउंबऱ्याचं कोण बांधेल? उंबरा आहे. आपण त्याच्या डोक्यावर उभ्या आहोत."

त्या माझ्याकडे, मग पायाखाली बघत राहिल्या आणि पटकन बाजूला सरकल्या, चुकून देवाला पाय लागल्यासारख्या.

जोतीराम टेंगळाला हळद लावून बसले होते. त्यांना खरं वाटेना. "आबांनी फरशी घातली हुती एवढं ठावं हाय," ते म्हणाले. आबा म्हणजे त्यांचे वडील. "रस्त्याचं पाणी आत याय लागलं, मग मुरूम भरून जमीन वर घेतली. मी लई ल्हान हुतो."

"आणि उंबरा?"

"त्यो काढला असंल की."

"देवाधर्माचा माणूस उंबरा काढंल व्हय?" शालूबाई म्हणाल्या. "पुरला असंल. पाण्याच्या घाईत पुरला आणि मग लाजंनं त्यानी आणि सासूबाईनं कुणाला सांगितलं नसंल."

पुण्याला मालकांना, उदयसिंह दादांना फोन लावला. जोतीरामांनी चाचरत विचारलं, दारातली फरशी काढू का? दादा म्हणाले, "भिंतीला धक्का लागू देऊ नकोस, बाकी घर तुझं आहे, तू बघ." जोतीरामांनी फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. "घर म्हणाले," ते म्हणाले.

गुंडूला आपलाच उंबरा फोडायला बोलावलं, तेव्हा तो फुरंगटला. "काल रंगसुद्धा मारलाय ओ! अजून वाळला न्हाई." पण पहार घेऊन बसला. सिमेंट निघालं, फरशी निघाली, मग मुरूम. मी बाजूला स्टुलावर बसून जप करत होते, पण मणी पुढे सरकत नव्हता. खड्डा हातभर झाला, काही नाही. गुंडू म्हणाला, "वैनी, जास्वंदीनं फशिवलं बगा तुमास्नी." एवढ्यात पहार खणकन वाजली.

गुंडूनं हातानं माती सारली. काळा दगड, दाराच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंनी चौकटीच्या लाकडात बसलेला. आणि मधोमध खोलगट, घासून घासून गुळगुळीत झालेला, चंदनाच्या सहाणेसारखा. किती पायांनी?

"जोतिबाच्या नावानं चांगभलं!" गुंडू ओरडला. आधी त्याचाच विश्वास नव्हता.

जोतीराम खड्ड्यात उतरले आणि त्या दगडाच्या कडेला बसले. बोटं फिरवत म्हणाले, "हितं बसून मी पेरू खायचो. मला वाटायचं, ती बंगल्याची पायरी हुती."

दगडाशेजारी जमिनीत रोवलेली एक लोखंडी पट्टीही निघाली, दोन्ही टोकांना गोल वळवलेली. गुंडूच्या मते शेळी बांधायची, जोतीरामांच्या मते बंदूक टेकवायची. आमचे हे संध्याकाळी येऊन बघून गेले. म्हणाले, बुटाचा चिखल खरवडायची असावी. शालूबाई म्हणाल्या, "नारळ फोडाय बेस हाय," आणि तो विषय मिटला.

मग आतला मुरूमही काढावा लागला, नाहीतर उंबरा ओलांडून मुरमाच्या भिंतीवरच आदळायचं. सगळं निघालं तेव्हा घर एकदम उंच झालं. कमान पूर्ण दिसू लागली, मांडी घालून बसलं की देव छातीशी आले. खिडक्या बसून बघायच्या नव्हत्या, उभ्यानं बघायच्या होत्या. शालूबाईंना आता रस्ता बघायला टाचा उंचवाव्या लागत. बाहेर गुंडूनं वाटेवरून उंबऱ्यापर्यंत उतरायला दगडी पायऱ्या बसवल्या आणि पावसाचं पाणी मागच्या उताराकडे जाईल अशी मोरी काढली. कापलेल्या फळीला खालून सागाचा तुकडा जोडला. हे सगळं होईतो लग्न तोंडावर आलं.

आणि बयाबाई आल्या. ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त, पण बघायला आल्या होत्या उंबराच. मी मुद्दाम थांबले. बयाबाई वाटेवर उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि पायऱ्यांवरून खाली बघितलं.

"आता हे काय? खड्डा?"

"उंबरा हाय आत्याबाई," जोतीराम म्हणाले. "जुना. दगडी."

"दिसतोय की. पर लक्ष्मी घरात चढून येती. आमची पोरगी खड्ड्यात उतरवणार व्हय तुमी? आणि पावसाळ्यात काय, पोहाय शिकवणार?"

जोतीरामांनी बादली उचलली आणि पायरीवर ओतली. पाणी मोरीतून गडगडत मागं गेलं. बयाबाईंनी ते बघितलं, पण मान हलवली. "पाण्याचं ऱ्हाऊ दे. उतरून सून आणल्याली मी तरी बघितली न्हाई. त्यो फ्लॅटच बरा."

यशराज खाली बघत उभा होता. माझ्या तोंडात पुष्कळ आलं, पण माझ्या आधी शालूबाई बोलल्या. आणि हळू नाही.

"आत्याबाई, आंबाबाईला जाताय न्हवं तुमी?"

"दर शुक्रवारी. का?"

"घाटी दरवाजातनं?"

"व्हय, एष्टी स्टँडाकडनं तीच वाट पडती."

"मग तितं चढून जाताय का पायऱ्या उतरून?"

बयाबाईंनी समोरच्या पायऱ्यांकडे बघितलं.

"तिच्या घराला खड्डा म्हणून दावा बगू!" शालूबाईंचा आवाज आता रस्त्यापार गेला होता, समोरच्या बाल्कनीत माणसं आली. "ती साऱ्या कोल्लापूरची आई हाय आणि साऱ्या कोल्लापूरला उतरायला लावती. माझ्या सुनंला दोन पायऱ्या जड झाल्या व्हय? वाचमनची केबिन म्हणून गेलासा, मी गप बसलो. केबिनला जोतं असतंय का, बगा की मागं जाऊन! हे घर हाय. माझं हाय. आणि सून आली तर हितंच येणार, माझ्या देवाम्होरं."

मग त्या स्वतःच घाबरल्यासारख्या थांबल्या. लग्न मोडलं तर?

बयाबाईंनी पदर सोडला, चपला काढल्या आणि कठडा नसल्यामुळे भिंतीला हात लावत पायऱ्या उतरल्या. वाकून उंबऱ्याच्या खोलगटाला बोट लावून ते कपाळाला टेकवलं. आत जाऊन देवापुढे उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "तोंडाची लई हाईसा की विहीणबाई. गेल्या बारीला मुकी विहीण बघून मला घोर लागला हुता. म्हटलं, पोरीला सासू हाय का बाहुली! माप शेराचं घ्या, नाजूक घेऊ नका. आमची पोरगी लाथ जोरात मारती."

लग्नाच्या दिवशी वरात यायची होती तिन्हीसांजेला. दुपारी मी रांगोळी काढायला गेले. घरात दुसरं कुणी नव्हतं. सगळे मंगल कार्यालयात. शालूबाई तेवढ्या देवाला दिवा लावायला म्हणून आधी परतल्या होत्या. उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं, तांदळानं भरलेलं माप वर ठेवलं, आणि मी रांगोळीच्या डब्या घ्यायला आत वळले.

परत बघितलं तर शालूबाई बाहेरच्या पायरीवर उभ्या होत्या. नवी इरकली साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. फाटकात कुणी नव्हतं. मग मला म्हणाल्या, "उंची बरोबर हाय का बगतो वैनी. पोरीचा पाय अडकाय नको."

"बघा की," मी म्हणाले.

त्यांनी उजवा पाय उचलला आणि अंगठ्यानं मापाला अलगद लावला. माप कलंडलं. तांदूळ उंबऱ्यावरून आत सांडले, थेट देवाच्या कमानीपर्यंत घरंगळत गेले. शालूबाई त्यांच्यावरून आत आल्या आणि देवासमोर तशाच उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. मी रांगोळीच्या डब्यांची झाकणं उगाच उघडत बसले.

थोड्या वेळानं त्यांनी केरसुणीनं नव्हे, हातानं तांदूळ गोळा केले. मी मापात ओतायला पुढे झाले, तर म्हणाल्या, "हे नगं. ह्ये मी उद्या शिजवणार हाय. मोनाचं दुसरं घ्या, डब्यात हाईत."

मी डब्यातले तांदूळ घेऊन माप काठोकाठ भरलं. बाहेर लांबून बँड ऐकू येऊ लागला होता. शालूबाईंनी डोळे पुसले, टाचा उंचावून खिडकीतून रस्ता बघितला आणि ओरडल्या, "ओ पावणं! ती मोटारसायकल काढा फाटकातनं! माझी सून यायली हाय!"